होतकरूची पारख: अर्शिन कुलकर्णीच्या निमित्तानं

जून २०२३मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला मोसम पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर रंगला होता. ईगल नाशिक टायटन्सकडून सलामीला आलेल्या अठरा वर्षांच्या एका मुलानं पुणेरी बाप्पाच्या गोलंदाजांना झोडपत ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या. चौकार फक्त तीन, षटकार तेरा. मग त्यानंच मध्यमगती मारा करत २१ धावांत ४ गडी टिपले, शेवटचं षटकही त्यानंच टाकलं आणि नाशिकनं सामना अवघ्या एका धावेनं खिशात घातला. मुलाचं नाव अर्शिन कुलकर्णी, गाव सोलापूर. त्या लीगमध्ये सोलापूर रॉयल्स नावाचाही संघ होता. सोलापूरचा हा मुलगा मात्र नाशिकच्या ताफ्यात होता.

पुढचे दिवस झपाट्यानं गेले. डिसेंबरमध्ये दुबईत १९ वर्षांखालच्या आशिया चषकात त्यानं अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद ७० धावा आणि तीन बळी अशी कामगिरी केली. त्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात लखनौ सुपर जायंट्सनं त्याला २० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. जानेवारीत तो दक्षिण आफ्रिकेत युवा विश्वचषक खेळत होता. आणि ३० एप्रिल २०२४ रोजी लखनौत, मुंबई इंडियन्सविरुद्ध आयपीएलमधल्या पहिल्याच सामन्यात, नुवान तुषाराचा पहिला चेंडू त्याच्या पॅडवर आदळला. पायचीत, शून्य. त्यानंतर कोलकात्याविरुद्धच्या सामन्यात मिचेल स्टार्कला मारलेला त्याचा फटका रमणदीप सिंगनं उलट्या दिशेनं धावत जाऊन झेलला. तो झेल मोसमातल्या सर्वोत्तम झेलांत गणला गेला. अर्शिनच्या खात्यावर नऊ धावा लागल्या.

तेरा षटकार मारणारा खरा की पहिल्या चेंडूवर बाद होणारा? सोलापुरात, पुण्यात, निवड समित्यांच्या बैठकांत आणि फ्रँचायझींच्या लॅपटॉपवर हा प्रश्न रोज वेगवेगळ्या नावांनी विचारला जातो. विशीच्या आसपासच्या खेळाडूचं मोल करायचं कसं? कशाला महत्त्व द्यायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा? या कामात भले भले फसले आहेत. तरीही पारख करण्याच्या काही रीती काळाच्या कसोटीवर टिकल्या आहेत आणि अर्शिनचं उदाहरण त्या समजून घ्यायला फार सोयीचं आहे.

या प्रश्नाभोवती अमेरिकेच्या बेसबॉलनं एक आख्खा व्यवसाय उभा केला आहे. तिथं मेजर लीगचे तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगचे चार मुख्य संघ, म्हणजे एकूण १२०. मुलगा शाळेतून किंवा कॉलेजातून उचलला जातो आणि सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढत वर सरकतो. एका पायरीवर धावांचा पाऊस पाडला म्हणून कुणी त्याला थेट शिखरावर बसवत नाही. स्काउट नावाचा अनुभवी माणूस गावोगाव फिरून त्याला पाहतो आणि पाच बाबतींत गुण देतो: चेंडूला बॅट लागण्याची हातोटी, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेकीचा जोर. गुणांची पट्टी २० ते ८० अशी असते आणि मेजर लीगचा सर्वसाधारण खेळाडू म्हणजे ५०. प्रत्येक रकान्यात दोन आकडे लिहिले जातात. मुलगा आज कुठं आहे हे एक सांगतो, तो कुठवर जाऊ शकेल याचा अंदाज दुसरा देतो. आपल्याकडच्या चर्चेत या दोन आकड्यांची सर्रास सरमिसळ होते, म्हणून ही पद्धत मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यातही इनफिल्डर, म्हणजे बेसच्या आतल्या पट्ट्यात क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू, ही सर्वांत अवघड पारख. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, शॉर्टस्टॉपची जागा चपळाईची. ती सांभाळणारे मोजकेच. तिथं खेळणाऱ्यानं बॅटनं मध्यम कामगिरी केली तरी तो मोलाचा ठरतो. पण सतराव्या वर्षी सडपातळ असलेला मुलगा बाविसाव्या वर्षी अंगानं भरला, त्याची चपळाई उणावली, की त्याला तिसऱ्या बेसवर किंवा पहिल्या बेसवर हलवावं लागतं. तिथं ताकदीचे फटके मारणारे ढिगानं असतात. बॅट तीच, धावा त्याच, पण जागा बदलली की भाव उतरतो. म्हणून स्काउटचा पहिला प्रश्न असतो, हा मुलगा या जागेवर टिकेल का?

अर्शिनच्या बाबतीत हाच प्रश्न त्याच्या गोलंदाजीविषयी विचारावा लागतो. त्याकडे पुढं येऊच. आधी पायऱ्यांचा हिशेब.

ब्रँडन वूड हा अमेरिकेतला इनफिल्डर. एंजल्स संघानं त्याला २००३ साली पहिल्या फेरीत निवडलं. २००५मध्ये कॅलिफोर्निया लीगच्या हाय-ए पायरीवर त्यानं ४३ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, ठोकले आणि देशातल्या अव्वल होतकरूंत त्याची गणना होऊ लागली. कॅलिफोर्निया लीगची मैदानं फलंदाजांना झुकतं माप देणारी म्हणून ख्यातनाम; तिथल्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो. वूड मेजर लीगमध्ये पोचला, पण त्याची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी .१८६ अशी अगदीच तोकडी राहिली. ४३ होमरन खोटे नव्हते. ते कोणत्या पायरीवर आणि कसल्या हवेत मारले, हे वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटलं.

याच धड्याचं सोलापुरी उदाहरण सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६चा, सोलापूरचा. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यावर ते गेले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. कौंटी आणि विद्यापीठ संघांविरुद्ध त्यांनी खोऱ्यानं धावा काढल्या. दौऱ्यातल्या प्रथम श्रेणी सामन्यांत मिळून त्यांच्या धावा सोळाशेच्या पलीकडे गेल्या. आणि कसोटीत? चार सामने, सात डाव, ४३ धावा, सरासरी ६.१४. फ्रेड ट्रूमन नावाचा तरुण वेगवान गोलंदाज त्या उन्हाळ्यात भारतीय फलंदाजांवर तुटून पडला होता. हेडिंग्ले कसोटीच्या दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव लागलेली नसताना भारताचे चार गडी बाद झाले होते. ट्रूमनच्या वेगासमोर उम्रीगर यष्टी सोडून लेगच्या बाजूला सरकतात, अशी टीका तेव्हा सर्रास झाली. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशात, एकाच माणसाची दोन रूपं दिसली. मधला फरक फक्त पायरीचा.

तिथंच उम्रीगरांच्या नावावर काट मारली असती तर? पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात त्यांनी कसोटी मालिकेत ५६० धावा केल्या. १९५५मध्ये हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटीत द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६२च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या आणि वर पाच बळीही घेतले. निवृत्त झाले तेव्हा ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतकं, हे सगळे त्या वेळचे भारतीय उच्चांक होते. सोलापूरच्या मातीत जन्मलेला हा पहिला मोठा अष्टपैलू. अर्शिनच्या त्या पहिल्या चेंडूवरच्या शून्याकडे पाहताना उम्रीगरांचे ते ४३ आठवावेत. वरच्या पायरीवरचं पहिलं अपयश म्हणजे निकाल नव्हे. ती फक्त एक नोंद असते. अपयशानंतरच्या वर्षात खेळाडू काय बदलतो, तिथं पारखणाऱ्याचं खरं काम सुरू होतं.

आता अर्शिनच्या पायऱ्या. महाराष्ट्र प्रीमियर लीग ही सर्वांत खालची, कारण तिथं प्रत्येक संघात तीन-चार रणजी दर्जाचे गोलंदाज आणि बाकी क्लबचे, असा मामला असतो. ५४ चेंडूंत ११७ या आकड्यातून त्याचे हात किती वेगानं फिरतात आणि चेंडू उचलण्याची ताकद त्याच्यात उपजत आहे, एवढं निश्चित कळतं. त्याहून जास्त नाही. युवा विश्वचषक ही दुसरी पायरी. तिथं त्यानं ब्लोमफाँटेनला अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या, पण बेनोनीच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२ आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३. दुबळ्या संघाविरुद्ध शतक आणि तगड्या वेगवान माऱ्यापुढं लवकर बाद, हा नमुना कुणाही स्काउटच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिला गेला असता.

त्याच उपांत्य सामन्यात ३२ धावांत ४ गडी बाद अशी भारताची अवस्था असताना बीडच्या सचिन धसनं ९६ धावा काढल्या. कर्णधार उदय सहारनबरोबर त्यानं १७१ धावांची भागी केली आणि भारतानं २४५चं लक्ष्य दोन गडी राखून गाठलं. लिलाव आधी झाला होता. अर्शिनला त्यात संघ मिळाला, सचिनला नाही. दबावाखालच्या एका डावाला किती वजन द्यावं यावर वाद होऊ शकतो. पण महाराष्ट्रातल्या दोन मध्यम शहरांतली ही दोन मुलं एकाच संघात होती आणि लिलावाच्या बाजारात त्यांचे भाव त्यांच्या खेळापेक्षा त्यांच्या षटकारांच्या क्लिपांवर ठरले, असं म्हणायला जागा आहे.

तिसरी पायरी महत्त्वाची, आणि अर्शिनविषयीचं मत इथं पालटतं. ११ जानेवारी २०२५, वडोदरा. ५० षटकांच्या विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व लढत, समोर पंजाब. नव्या चेंडूवर अर्शदीप सिंग. ऋतुराज गायकवाड आणि सिद्धेश वीर अवघ्या काही चेंडूंत तंबूत परतले. अर्शदीप हा तेव्हा भारताच्या टी-२० संघातला हुकमी गोलंदाज होता. आयपीएलमध्ये पहिल्या चेंडूवर बाद झालेल्या एकोणीस वर्षांच्या सलामीवीरासाठी याहून अवघड परीक्षा कोणती असणार? अर्शिननं १३७ चेंडू खेळून काढले आणि १०७ धावा केल्या. अंकित बावणेबरोबर डाव उभारला. महाराष्ट्र २७५पर्यंत पोचला आणि ७० धावांनी जिंकला. पाच दिवसांनी उपांत्य फेरीत विदर्भानं ३८० धावांचा डोंगर रचला. महाराष्ट्र ३११पर्यंतच गेला, पण त्यात अर्शिनच्या ९० होत्या.

५४ चेंडूंत ११७ आणि १३७ चेंडूंत १०७. दोन्ही डाव एकाच मुलाचे, दीड वर्षाच्या अंतरानं. पहिल्याची क्लिप लाखोंनी पाहिली. दुसरा डाव पाहणारे मोजके. पारख करणाऱ्याला यातला दुसरा अधिक मोलाचा वाटायला हवा. चांगल्या गोलंदाजासमोर गडी पडत असताना आपला आवडता फटका खिशात ठेवून खेळणं ही शिकलेली गोष्ट आहे, आणि ती तो मधल्या काळात शिकला. शिकण्याचा वेग हा गुण कोणत्याच पट्टीवर नाही, पण होतकरूच्या बाबतीत याहून भरवशाची खूण सापडत नाही.

तरी हुरळून जायला नको. पुढच्या मोसमात, ऑक्टोबर २०२५मध्ये, तिरुअनंतपुरमला केरळविरुद्ध रणजीची पहिली लढत झाली. धावफलकावर शून्य असताना महाराष्ट्राचे तीन गडी गेले आणि त्यांत अर्शिनही होता. लाल, हलता चेंडू, पहिला तास. ही चौथी पायरी अजून त्याला पेलायची आहे.

वयाचा मुद्दाही इथंच निकाली काढावा. बेसबॉलचे जाणकार धावा पाहण्याआधी जन्मतारीख पाहतात, कारण एकाच पायरीवर एकोणीस वर्षांच्या मुलानं केलेल्या धावांचं मोल चोवीस वर्षांच्या खेळाडूच्या धावांपेक्षा कितीतरी जास्त असतं. अर्शिनचा जन्म १५ फेब्रुवारी २००५चा. वडोद्यातलं शतक त्यानं विशी गाठण्याआधी, मोठ्या माणसांच्या क्रिकेटमध्ये केलं. ही त्याची सर्वांत भक्कम बाजू.

उलट वयोगटातल्या पराक्रमांचा इतिहास काही फारसा धीर देणारा नाही. जालन्याच्या विजय झोलनं २०११मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१४च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. भारताच्या ज्येष्ठ संघाची टोपी त्याला कधी मिळाली नाही. उन्मुक्त चंदनं २०१२च्या युवा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करून करंडक जिंकून दिला. २०२१मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्यानं भारतीय क्रिकेटचा निरोप घेतला आणि अमेरिकेत जाऊन तिथल्या मायनर लीग क्रिकेटमध्ये सिलिकॉन व्हॅली स्ट्रायकर्सचं नेतृत्व केलं. या दोघांना कमी लेखण्याचं कारण नाही. लहान वयात शरीर आणि तंत्र इतरांच्या पुढं असतं तेव्हा धावांचे डोंगर उभे राहतात. पुढं बाकीचे त्यांना गाठतात. ऋतुराज गायकवाड तर युवा विश्वचषक खेळलाच नाही. तरी तो २०२१मध्ये ६३५ धावांसह आयपीएलचा सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला आणि पुढं चेन्नईचा कर्णधार झाला.

उशिरा उमलणाऱ्यांची यादी सोलापूर जिल्ह्यापुरती पाहिली तरी पुरेशी बोलकी आहे. केदार जाधवच्या घराण्याचं मूळ माढा तालुक्यात. २०१३-१४च्या रणजी मोसमात त्यानं १२२३ धावा केल्या, महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला आणि मग एकोणतिसाव्या वर्षी त्याला भारताची टोपी मिळाली. बावीस-तेविसाव्या वर्षी त्याचं माप काढणाऱ्यांनी काय लिहून ठेवलं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

आणि किरण नवगिरे. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची ही मुलगी आधी भालाफेकीत होती. क्रिकेटमध्ये ती उशिरा आली आणि संधीच्या शोधात थेट नागालँडकडून खेळायला गेली. २०२२मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिनं ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या. समोरचा संघ दुबळा होता, हा पायरीचा आक्षेप तेव्हा रास्तच होता. पण काही आठवड्यांतच महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये गहुंज्याच्या मैदानावर, देशोदेशीच्या गोलंदाजांसमोर तिनं ३४ चेंडूंत ६९ धावा केल्या आणि आक्षेपाला मैदानातच उत्तर दिलं. सप्टेंबर २०२२मध्ये ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली, मग संघाबाहेर गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध नागपूरला तिनं ३४ चेंडूंत शतक पूर्ण केलं. महिलांच्या टी-२० क्रिकेटमधलं ते जगातलं सर्वांत जलद शतक ठरलं. वयाच्या कोष्टकात बसत नाही म्हणून हिच्याकडे कुणी पाहिलंच नसतं तर केवढं नुकसान झालं असतं.

भाल्यावरून आठवलं. २००८मध्ये अमेरिकेच्या एका टीव्ही स्पर्धेसाठी भारतात जोरात चेंडू फेकणारे तरुण शोधले गेले. निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू होते. बेसबॉल त्यांनी पूर्वी खेळलेलाच नव्हता. पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केले आणि रिंकू काही मोसम मायनर लीगमध्ये टिकला. एका खेळातली अंगभूत ताकद दुसऱ्या खेळात ओळखता येते, हे त्या प्रयोगातून आणि किरणच्या बॅटमधून सारखंच दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या शालेय ॲथलेटिक्सच्या मैदानांवर क्रिकेटच्या निवडकर्त्यांनी कधीतरी चक्कर मारायला हरकत नाही.

होसे आल्टुवेची कथाही याच रांगेतली. व्हेनेझुएलाचा हा इनफिल्डर उंचीनं साडेपाच फुटांच्या आसपास. निवड चाचणीतून त्याला ठेंगणा म्हणून परत पाठवलं गेलं, तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाला. २००७मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनं अवघ्या १५ हजार डॉलरला त्याला करारबद्ध केलं. २०१७पर्यंत त्यानं अमेरिकन लीगचा फलंदाजीचा मुकुट तीनदा जिंकला होता आणि त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता. डोळ्यांना दिसणारं शरीर आणि चेंडूला बॅट लावण्याची हातोटी यांत गल्लत केली की असे हिरे हातचे जातात.

आता गोलंदाजीचा प्रश्न. अर्शिन नुसताच सलामीवीर असेल तर त्याची स्पर्धा कुणाशी? यशस्वी जैस्वाल, अभिषेक शर्मा, साई सुदर्शन आणि घरातच ऋतुराज. शिवाय २०२५मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. या रांगेत अर्शिन बराच मागं उभा आहे. पण तो ताशी १३०च्या आसपासच्या वेगानं चार-सहा षटकं भरवशानं टाकू शकला तर रांगच बदलते. वेगवान गोलंदाजी करणारा फलंदाज हा भारताचा जुना दुष्काळ. कपिल देवनंतर हार्दिक पंड्यापर्यंत किती वाट पाहावी लागली ते सर्वांना ठाऊक आहे. अर्शिननं आपला आदर्श म्हणून जाक कॅलिसचं नाव घेतलं आहे. वरच्या फळीत खेळून वेगानं गोलंदाजी करणारा तो खेळाडू. निवड योग्य आहे, पण माप फार मोठं आहे.

जवळचं माप नितीशकुमार रेड्डीचं. विशाखापट्टणमचा हा मुलगा अर्शिनपेक्षा पावणेदोन वर्षांनी मोठा. २०१७-१८च्या, १६ वर्षांखालच्या विजय मर्चंट करंडकात त्यानं १२३७ धावा आणि २६ बळी अशी थक्क करणारी कामगिरी केली, त्यात नागालँडविरुद्ध ४४१ धावांचा एक डाव. तरीही तो २०२२चा युवा विश्वचषक खेळला नाही. आंध्रकडून रणजीत त्यानं गोलंदाजीचं ओझं नियमित वाहिलं आणि डिसेंबर २०२४मध्ये मेलबर्नला कसोटी शतक झळकावलं. त्याची गोलंदाजी अव्वल दर्जाची आहे असं कुणी म्हणणार नाही. पण ती असल्यामुळं त्याला संघात जागा मिळाली आणि जागा मिळाली म्हणून त्याची फलंदाजी जगाला दिसली.

अडचण अशी की आजचं टी-२० क्रिकेट नेमक्या याच प्रकारच्या खेळाडूची वाट अडवतं. २०२३पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट खेळाडूचा नियम आला. एक फलंदाज बाहेर काढून त्याच्या जागी पूर्णवेळ गोलंदाज आणता येत असेल तर अर्धवेळ गोलंदाजाला षटकं कोण देणार? रोहित शर्मानं २०२४मध्ये या नियमावर उघड नाराजी व्यक्त केली, ती याच मुद्द्यावर. लखनौनं २०२५च्या मोठ्या लिलावात अर्शिनला ३० लाखांत पुन्हा घेतलं, हा विश्वास चांगलाच. पण बाकावर बसून गोलंदाज घडत नाही. त्याची गोलंदाजी टिकवायची असेल तर ती जबाबदारी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची आहे. रणजीत डावाला दहा-बारा षटकं, दोन सामन्यांमध्ये पुरेशी विश्रांती, आणि पाठीच्या हाडांवर लक्ष ठेवणारा फिजिओ. वाढत्या वयात मध्यमगती गोलंदाजांची कंबर आणि पाठ किती लवकर जायबंदी होते, हे भारतीय क्रिकेटनं हार्दिकच्या बाबतीत पाहिलं आहे.

सोलापूरसारख्या शहरात पारखीचा प्रश्न आणखी एका कारणानं अवघड होतो. मुलाला पाहायला येणारे डोळेच कमी. जिल्हा संघटना, निमंत्रित स्पर्धा, मग पुण्यातली निवड चाचणी अशी ही शिडी. आणि चाचणीत दोन-तीन षटकांत काय ते दाखवायचं. ज्याच्या घरी पुण्याच्या अकादमीचा, राहण्याचा आणि किटचा खर्च झेपतो तो टिकतो. अर्शिनचे वडील बालरोगतज्ज्ञ आहेत आणि घरात खेळाची आवड. त्याच्या गुणांना घरचं पाठबळ मिळालं. तसं पाठबळ नसलेले, तेवढ्याच ताकदीचे मुलगे अक्कलकोट किंवा करमाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवत असतील, तर त्यांच्यापर्यंत कोणती पट्टी पोचली आहे?

काही गोष्टी बदलल्या आहेत हेही खरं. पार्क मैदान म्हणून सोलापूरकरांना ठाऊक असलेलं इंदिरा गांधी स्टेडियम नव्यानं उभारलं गेलं आणि जानेवारी २०२४मध्ये, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, तिथं महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना झाला. गंमत अशी की त्या वेळी सोलापूरचा सर्वांत चर्चेतला क्रिकेटपटू भारताच्या युवा संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. मोठे सामने गावात झाले की स्थानिक मुलांना दर्जाचं माप डोळ्यांसमोर दिसतं, नेटमध्ये रणजीच्या गोलंदाजांना खेळायला मिळतं आणि संघटनेचे निवडकर्ते आपसूक जिल्ह्यात येतात. असे सामने वर्षाला किमान दोन तरी व्हायला हवेत.

मग अर्शिनचं माप किती? ५० षटकांच्या क्रिकेटमधला सलामीवीर म्हणून तो देशांतर्गत दर्जाला पोचला आहे. वडोद्याच्या त्या दोन डावांनंतर यावर शंका घेण्याचं कारण उरत नाही. टी-२०मध्ये ताकद आहे, पण अव्वल वेगवान माऱ्यापुढं पहिल्या दहा चेंडूंचं गणित अजून सुटलेलं नाही. लाल चेंडूवर उत्तर बाकी आहे. क्षेत्ररक्षण आणि तंदुरुस्तीला वय साथ देतं आहे. गोलंदाजी हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत रिकामा. पुढच्या दोन रणजी मोसमांत त्याच्या धावांआधी त्यानं टाकलेली षटकं मोजावीत. ती शंभर-दीडशेच्या घरात गेली आणि अंग शाबूत राहिलं, तर तो भारताच्या संघासाठी दावेदार आहे. गोलंदाजी सुटली, तर तो महाराष्ट्राचा चांगला सलामीवीर होईल आणि त्याला राष्ट्रीय संघाची वाट केदार जाधवसारखी लांबची पडेल.